सबमीटर कधी निम्मं दाखवतो, कधी दोन तृतीयांश. सीटीच्या वायरिंगबद्दल मदत हवी

बेदाणावाला · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. दोन चेंबर आमचे, दोन मामेभावाला चालवायला दिलेत. वीज कंपनीचा मुख्य मीटर एकच, माझ्या नावावर. आत आमच्या पॅनलला एक सबमीटर आणि भावाच्या कॉम्प्रेसर पॅनलला एक. दोन्ही थ्री फेज, सीटीवाले (सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा करंट मीटरला झेपेल इतका लहान करून देणारा). भावाकडचे सीटी १००/५, म्हणजे १०० अँपिअरचे ५ करणारे, म्हणून मीटरचा आकडा २० ने गुणायचा (गुणक २०).

मेपर्यंत हिशेब चोख लागायचा. जूनच्या पावसात भावाच्या पॅनलमध्ये पाणी गेलं, आर, वाय, बी या तीन फेजपैकी वाय आणि बीचे सीटी जळाले, नवीन टाकले. तेव्हापासून घोळ आहे. गेल्या महिन्यात मुख्य मीटरवर ३१,४०० युनिट आले. त्यातून आमच्या सबमीटरचे १४,९०० आणि कॉमन दिवे-पंपाचे ९०० वजा केले तर भावाचे १५,६०० निघायला हवेत. त्याचा मीटर म्हणतो ९,२००.

भाऊ म्हणतो, "मी माझ्या मीटरप्रमाणे देणार." त्याचंही बरोबर आहे म्हणा, मीटर कशाला बसवला मग. घरातला माणूस आहे, गणपतीत एका पंगतीला बसायचंय. वाद नको. काय तपासू?

फेजर · सोमवार, रात्री १०:०५

गुणक बघा आधी. नवीन सीटी १५०/५ चे बसवले असतील आणि तुम्ही २० नेच गुणत असाल. दहातल्या निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

बेदाणावाला · सोमवार, रात्री १०:२०

पाहिलं दादा. तिन्ही सीटीवर १००/५ छापलंय. केबलही खिडकीतून एकदाच गेलीय. आमच्या वायरमनला ते माहीत होतं, दोनदा ओवली तर १०० चा सीटी ५० चा होतो म्हणून.

सोसायटीचा_सचिव · सोमवार, रात्री १०:३१

एखाद्या फेजचं व्होल्टेज मीटरपर्यंत पोचत नसेल. लिंक ढिली किंवा फ्यूज उडालेला. मीटरच्या तीन फेज मोजणाऱ्या घटकांपैकी एक मेला की ६७ टक्के युनिट पडतात. आमच्या लिफ्टच्या मीटरला हेच झालं होतं, चार महिने कुणाला पत्ता नाही, कारण बिल कमी आलं की तक्रार कोण करतो!

नुसताच_वाचक · सोमवार, रात्री १०:४४

मामेभावाने रात्री येऊन वायर काढली नाही ना 😄

बेदाणावाला · सोमवार, रात्री १०:५०

नाही हो. त्याला टेस्टर कुठल्या बाजूने धरायचा ते माहीत नाही.

व्होल्टेज तिन्ही फेजला २३८ च्या आसपास दिसतं मीटरवर. आणि एक विचित्र गोष्ट सांगायची राहिली. तूट कायम एवढीच नसते. कधी निम्म्याहून कमी नोंद होते, कधी दोन तृतीयांशाच्या वर जाते. म्हणून तर डोकं चालेना.

टेस्टिंगवाले_काका · मंगळवार, सकाळी ६:१५

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि ती तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीत.

गुणक चुकला तर चूक कायम एका पटीत राहते. एक व्होल्टेज गेलं तर कायम ६७ टक्के. एक सीटी उलटा बसला, म्हणजे त्याच्या एस१ टोकाच्या जागी एस२ टोक, तर दोन फेज अधिक आणि एक उणे. कायम ३३ टक्के. लोड समतोल असला की हे आकडे हलत नाहीत. तुमचा आकडा हलतोय. म्हणजे चूक अशी आहे की जिच्यावर पॉवर फॅक्टरचा (पीएफ, म्हणजे करंट व्होल्टेजच्या किती मागे आहे त्याचं माप) परिणाम होतो.

दोन प्रश्न. पीएफ सुधारणारं कॅपॅसिटर पॅनल सबमीटरच्या अलीकडे आहे की पलीकडे, लोडच्या बाजूला? आणि मीटरच्या डिस्प्लेवर फेजनिहाय पीएफ दिसतो का? दिसत असेल तर कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर असताना कॅपॅसिटर बंद करून एकदा आणि चालू करून एकदा, तिन्ही फेजचे करंट आणि पीएफ लिहून पाठवा. तोवर कशाला हात लावू नका.

आणि मुख्य मीटरच्या कप्प्याकडे तर बघायचंही नाही. सील कंपनीचं आहे. सील तुटलेलं सापडलं की तिथं वायरिंग दुरुस्त करायला गेलो होतो हे कुणी ऐकून घेत नाही, वीज कायद्याचं कलम १३५, वीजचोरीचं, समोर ठेवतात.

बेदाणावाला · मंगळवार, दुपारी १:३०

काका, कॅपॅसिटर पलीकडेच आहेत, लोडच्या बाजूला. हे घ्या आकडे.

कॅपॅसिटर बंद: आर ६२ अँपिअर, वाय ६१, बी ६०. पीएफ आर ०.८५, वाय ०.८८, बी ०.०३.
कॅपॅसिटर चालू: तिन्ही ५३ च्या आसपास. पीएफ आर ०.९८, वाय ०.६६, बी उणे ०.३२.

शिवाय मीटरचा लाल दिवा मोजला. मीटरवर एका युनिटला १००० पल्स छापलंय. कॅपॅसिटर बंद असताना दहा लुकलुकींना २८ सेकंद लागले, चालू असताना ४३.

फेजर · मंगळवार, दुपारी १:५२

बीचा पीएफ ०.०३? बी फेजचा सीटी गंडलाय, उलटा बसलाय. बदलून टाका.

टेस्टिंगवाले_काका · मंगळवार, दुपारी २:१०

घाई नको फेजरभाऊ. उलटा सीटी पीएफचं चिन्ह बदलतो, आकडा नाही. तो नुसता उलटा असता तर उणे ०.८५ दिसला असता.

मोटर एक, तिन्ही फेजचा करंट सारखा, आणि पीएफ तीन तऱ्हेचे? एकाच चुलीवर तीन पातेली ठेवून एकात उकळी, दुसरं कोमट आणि तिसऱ्यात बर्फ, तसं हे. मोटर असं वागत नाही. मीटरला करंट आणि व्होल्टेजच्या जोड्या चुकीच्या मिळताहेत.

दिव्याचा हिशेबही बघा. २३८ व्होल्ट, ६१ अँपिअर, पीएफ ०.८५, तिन्ही फेज मिळून ३७ किलोवॅट. मीटरच्या बाजूला त्याचा विसावा भाग, १.८५. तासाला १८५० पल्स. म्हणजे दहा पल्सना साडेएकोणीस सेकंद लागायला हवेत. तुम्हाला २८ लागले, म्हणजे ६९ टक्के नोंद. कॅपॅसिटर लावल्यावर किलोवॅट तेच राहतात, लागले ४३, म्हणजे ४५ टक्के. महिन्याचे ५९ टक्के या दोन्हींच्या मधे बसतात.

आता एक साधी चाचणी. मीटरकडे येणाऱ्या तिन्ही एस१ तारा, म्हणजे टर्मिनल १, ४ आणि ७ च्या, एकत्र टाँगटेस्टरमध्ये (तारेभोवती जबडा लावून करंट मोजणाऱ्या यंत्रात) धरा. तारा काढायच्या नाहीत, ढिल्याही करायच्या नाहीत, नुसता जबडा भोवती. समतोल लोडवर तिन्हींची बेरीज जवळपास शून्य येते. एक उलटा असेल तर एका तारेच्या दुप्पट.

बेदाणावाला · मंगळवार, संध्याकाळी ५:४५

एकेक तार ३.१, ३.०, ३.०. तिन्ही एकत्र ६.१!! मग उलटा आहे की काका?

टेस्टिंगवाले_काका · मंगळवार, संध्याकाळी ६:०२

एक उलटा आहेच. पण तेवढंच नाही. कुठला ते शोधायला दोन-दोनच्या जोड्या धरा. बरोबर जोडीत एका तारेइतकाच, तीनच्या आसपास येतो. उलटा जोडीत असला की पाचच्या वर.

बेदाणावाला · मंगळवार, संध्याकाळी ६:२०

१ आणि ७ एकत्र: ३.०. १ आणि ४: ५.३. ४ आणि ७: ५.३. म्हणजे ४ नंबर, वाय.

मस्कतहून · मंगळवार, रात्री ८:१५

वाचतोय. विषय जरा सोडून: बाहेरून आलेलं मशीन असेल तर रंगांवर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे लाल-पिवळा-निळा फेज आणि काळा न्यूट्रल. इंग्लंडातही तसंच होतं, पण २००४ पासून त्यांनी युरोपचे रंग घेतले: तपकिरी, काळा, राखाडी फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे आपला न्यूट्रलचा काळा त्यांचा दुसरा फेज आणि आपला बी फेजचा निळा त्यांचा न्यूट्रल. आमच्या साइटवर एका पोराने पॅनल जोडताना काळा न्यूट्रलपट्टीवर घेतला होता. नशीब, फ्यूजच गेला.

बेदाणावाला · बुधवार, दुपारी १२:१०

काका, रागावू नका. वायरमन सकाळीच आला आणि म्हणाला, उलटा सापडलाय तर सरळ करून टाकू. कॉम्प्रेसर बंद केला, मेन स्विच पाडला, टर्मिनल ४ आणि ६ च्या तारांची अदलाबदल केली.

मीटर थांबला!

कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर, करंट तिन्ही फेजला साठच्या वर, आणि मीटर झोपलेला. दहा मिनिटं घड्याळ घेऊन उभा राहिलो, दिवा एकदा लुकलुकला. टाँगटेस्टरमध्ये तिन्ही एकत्र आता ०.१ येतात, म्हणजे तुमच्या चाचणीप्रमाणे सगळं बरोबर! आणि भाऊ बाजूला उभा राहून म्हणतोय, असंच राहू दे दादा, झक्कास दुरुस्ती झाली.

नुसताच_वाचक · बुधवार, दुपारी १२:१८

भाऊ हुशार आहे 😂

टेस्टिंगवाले_काका · बुधवार, दुपारी १:००

रागावत नाही. मेन पाडून काम केलंत हे बघून उलट बरं वाटलं. चालू लोडवर सीटीची सेकंडरी (मीटरकडे जाणारी बाजू) उघडी केली असती तर टोकांवर शेकडो-हजारो व्होल्ट चढतात, ठिणगी पडते, माणूसही जातो. पुढच्या वेळी टीटीबीवर (मीटरआधीच्या टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर) सेकंडरीची टोकं जोडणारी शॉर्टिंग लिंक लावून मगच तार सोडा, मेन पाडलेला असला तरी. हाताला सवय लागते.

तुमच्याकडे दोन चुका होत्या आणि त्या एकमेकींना झाकत होत्या. तुम्ही एक काढलीत, दुसरी उघडी पडली.

ती दुसरी म्हणजे वाय आणि बीच्या सीटीच्या तारा एकमेकींच्या जागी गेल्यात. तिन्ही एकत्र धरायची चाचणी हे पकडू शकत नाही. बेरीज करताना कोण कुठल्या खुर्चीत बसलाय याने काय फरक पडतो?

आता खुर्च्यांचा हिशेब. मोटरचा करंट व्होल्टेजच्या ३२ अंश मागे आहे (पीएफ ०.८५). वायच्या घटकाला व्होल्टेज वायचं, करंट मात्र बीचा. दोन फेजमधले १२० आणि मोटरचे ३२ मिळून १५२ अंश, कोसाइन उणे ०.८८. बीच्या घटकाला वायचा करंट: १२० वजा ३२, म्हणजे ८८ अंश, कोसाइन ०.०३. दोन्हींची बेरीज उणे ०.८५. आणि आर फेजचे अधिक ०.८५. एकूण शून्य! पीएफ काहीही असू दे, लोड समतोल असेल तर दोन करंटची अदलाबदल मीटरला थांबवतेच. तुमचा दिवा लुकलुकला तो फेजमधल्या एक-दोन अँपिअरच्या फरकामुळे.

कालपर्यंत बीचा सीटी (तोच वायच्या ४ नंबरवर आलेला) उलटाही होता. त्यामुळे उणे ०.८८ चे अधिक ०.८८ झाले. ०.८५ + ०.८८ + ०.०३ = १.७६. यायला हवेत २.५५. भागा, ६९ टक्के. कॅपॅसिटर लावल्यावर ०.९८ + ०.६६ − ०.३२ = १.३२, हवेत २.९४. ४५ टक्के. तुमच्या डिस्प्लेवर हेच आकडे होते. काल पीएफ बघूनच मला शंभर टक्के खात्री होती, पण रात्री नातवाचा अभ्यास घेत बसलो आणि लिहायचं राहिलं. चूक माझीही आहे.

फेजर · बुधवार, दुपारी १:२५

मान गए काका. माझी एक शंका. सगळेच मीटर असे थांबतील का? आमच्याकडे काही मीटर करंट उलटा असला तरी पुढेच मोजतात.

टेस्टिंगवाले_काका · बुधवार, दुपारी १:५०

चांगला प्रश्न. चोरी रोखायला काही मीटर प्रत्येक फेजचं चिन्ह पुसून सगळं अधिकच धरतात. असा मीटर इथं असता तर ०.८५ + ०.८८ + ०.०३, सीटी उलटा असो की सुलटा, ६९ टक्केच. फसवणूक आणखी गोड झाली असती, कारण काहीच थांबलं नसतं. जुना चकतीचा मीटर मला म्हणून आवडायचा. उलटा जोडला की चकती डोळ्यांसमोर उलटी फिरायची. लपवाछपवी नाही.

सोसायटीचा_सचिव · बुधवार, दुपारी २:३०

या "सगळं अधिकच" वाल्या मीटरने आम्हाला रडवलंय. गच्चीवर सोलर लावलं आणि पहिल्या महिन्याचं बिल वाढलं! आम्ही दुपारी बाहेर पाठवलेली वीजसुद्धा घेतलेली म्हणून मोजली जात होती. जुना मीटर बदलून दोन्ही दिशा वेगळ्या मोजणारा बसवायचा होता, ते राहून गेलं होतं. सोलर करणाऱ्यांनी प्लँट चालू करण्याआधी हे बघा.

टेस्टिंगवाले_काका · बुधवार, दुपारी २:४०

बेदाणावाले, तारा हलवण्याआधी खात्री करून घ्या. कॉम्प्रेसर बंद, कॅपॅसिटर बंद. पॅनलच्या फक्त बी फेजवर एक हीटर लावा, बाकी काही नाही. मीटरवर कुठल्या फेजला करंट दिसतो ते सांगा.

बेदाणावाला · बुधवार, संध्याकाळी ५:५०

ऐका गंमत. दोन किलोवॅटचा हीटर बी फेजवर लावला. मीटरवर आर शून्य, बी शून्य, आणि वायवर ८ अँपिअर! पीएफ उणे ०.५०. हीटरचा पीएफ उणे! वायरमन दोन मिनिटं नुसता डिस्प्लेकडे बघत बसला. मग हीटर वायवर लावला तर बीवर ८ अँपिअर, पीएफ तोच, उणे ०.५०.

तारा बघितल्या. जूनमध्ये घाईत सीटी बसवले तेव्हा सगळ्या सेकंडरी तारा एकाच राखाडी केबलमधल्या, फेरूल (तारेचं नाव लिहिलेली नळी) एकाही टोकाला नाही. कोण कुठली, देवाला ठाऊक.

टेस्टिंगवाले_काका · बुधवार, संध्याकाळी ६:०५

हीटर म्हणजे शुद्ध रोध, त्याचा पीएफ १ च असतो. मीटरने उणे अर्धा दाखवला म्हणजे करंट १२० अंश सरकलेल्या व्होल्टेजशी जोडला गेलाय. पुरावा मिळाला. आता मेन पाडा, टीटीबी शॉर्ट करा, आणि ४-६ ची जोडी ७-९ शी अख्खी बदला. जोडी अख्खी, आतली टोकं उलटू देऊ नका.

आणि काम करतोच आहात तर व्होल्टेजच्या ताराही तपासा, म्हणजे पुन्हा ढक्कन उघडायला नको. नंतर मेन चालू करून मल्टिमीटरचं एक टोक मीटरच्या २ नंबरवर, दुसरं आरच्या बसबारवर (पॅनलमधल्या मुख्य पट्टीवर). शून्य आलं तर फेज तोच. ४१५ आलं तर दुसरा. तसंच ५ आणि ८ चं. हातात रबरी मोजे, आणि पोरगं जवळ उभं राहायला नको.

बेदाणावाला · बुधवार, रात्री ८:३५

झालं काका!!

व्होल्टेज तिन्ही बरोबर, शून्य-शून्य-शून्य. कॉम्प्रेसर चालू केला. पीएफ ०.८५, ०.८५, ०.८४. दहा लुकलुकींना वीस सेकंद. तीनदा मोजलं. भाऊ म्हणाला, हा दिवा जरा जास्तच जोरात पळतोय का?

आता खरा प्रश्न. जून ते ऑगस्टचं काय? ९,२०० ला कितीने गुणू?

फेजर · बुधवार, रात्री ८:५०

५९ टक्के धरा, १.७ ने गुणा.

टेस्टिंगवाले_काका · बुधवार, रात्री ९:०५

नाही. कॅपॅसिटर किती तास चालू होते त्यावर तो आकडा हलतो, प्रत्येक महिन्याला वेगळा. उलटा सीटी असता तर तीनने गुणून मोकळे झालो असतो. इथे एक गुणक लावणं म्हणजे अंदाजाला आकड्याचे कपडे घालणं. तुमच्याकडे मुख्य मीटर आहे आणि तुमचा सबमीटर चांगला आहे. वजाबाकी करा.

वकिलीण · बुधवार, रात्री ९:४०

काका म्हणतात ते व्यवहाराला धरून आहे. सबमीटर खासगी आहे, त्यामुळे हा दोघा भावांमधला करार. वीज कायदा मधे येत नाही.

हेच कंपनीच्या मीटरला झालं असतं तर? बरेच जण २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६(२) वर विसंबतात, की दोन वर्षांपूर्वीचं काही मागता येत नाही. प्रेम कॉटेक्स प्रकरणात गुणक १० ऐवजी ५ धरून वर्षानुवर्षं निम्मं बिल गेलं होतं. चूक सापडल्यावर कंपनीने फरक मागितला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाचं अपील फेटाळलं. म्हणजे राहून गेलेली आकारणी मागता येते. तेव्हा कमी बिल येतंय म्हणून गप्प बसणाऱ्यांनी (सचिवसाहेब, लिफ्टचे चार महिने!) पैसे बाजूला काढून ठेवावेत.

सोसायटीचा_सचिव · बुधवार, रात्री ९:५५

🙈

बेदाणावाला · शुक्रवार, रात्री १०:१०

दोन दिवसांचा ताळा. मुख्य मीटरमधून आमचं आणि कॉमनचं वजा केलं तर भावाचे १,०३६ निघतात. त्याच्या सबमीटरवर १,०२५. अकरा युनिटांचं भांडण करायला आमच्याकडे वेळ नाही, ते केबलच्या नावावर सोडले.

मागच्या तीन महिन्यांची वजाबाकी त्याच्यासमोर बसून केली. फरक तो चार हप्त्यांत देतोय, बेदाणा विकला जाईल तसा. फक्त एक अट घातलीन, सीटी जळाले तेव्हा वायरमन मी बोलावला होता, तर त्याची मजुरी माझ्याकडून. दिली.

टेस्टिंगवाले_काका · शनिवार, सकाळी ६:१०

छान. फेरूल घातले का?

बेदाणावाला · शनिवार, सकाळी ९:२५

आज घालतोय. दोन्ही टोकांना, आर१-आर२, वाय१-वाय२, बी१-बी२. ढक्कन लावायच्या आधी फोटो काढून पॅनलच्या दाराला आतून चिकटवणार आहे.

टेस्टिंगवाले_काका · शनिवार, सकाळी ९:३१

फोटोवर तारीख लिहा. आणि पाणी जिथून आत आलं ते भोक बुजवलंत की नाही?

बेदाणावाला · शनिवार, सकाळी ९:४०

…आत्ता बुजवतो काका.